सासूबाईंच्या दाखल्यातले रिकामे रकाने

ओमा गेल्या त्या जुलै २०२३ मध्ये, मेलबर्नच्या ऐन थंडीत. वय ९२ होतं, दोन वर्षं स्मृतिभ्रंश होता, त्यामुळे धक्का असा कोणाला बसला नाही. ओमा म्हणजे माझ्या सासूबाई. डच घरांत आजीला ओमा म्हणतात; लेक झाल्यावर तिच्यामागून मीही ओमाच म्हणायला लागले आणि तेच राहिलं.

इथे व्हिक्टोरिया राज्यात मृत्यूची नोंद करायला आपल्याला कचेरीत जावं लागत नाही. अंत्यसंस्काराचं काम ज्यांना देतो तेच माहिती भरून नोंदणी खात्याला पाठवतात. दुसऱ्या दिवशी त्यांची एक बाई लॅपटॉप घेऊन आमच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली आणि एकेक विचारायला लागली. पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव ॲमस्टरडॅम. इथवर ठीक. मग, ऑस्ट्रेलियात कोणत्या साली आल्या? नवरा म्हणाला १९५४, दीर म्हणाले १९५६. लग्न कुठल्या गावी झालं, तेव्हा वय किती? दोघं एकमेकांकडे बघायला लागले. वडिलांचा व्यवसाय? गोदीत काहीतरी. आईचं माहेरचं आडनाव? ते दोघांनाही येत होतं, पण लिहून दाखवा म्हटल्यावर तीन वेगवेगळी स्पेलिंगं निघाली. बाई शांतपणे म्हणाली, नसेल ठाऊक तर 'अज्ञात' लिहिते, पुढे कागद मिळाले की दुरुस्ती करता येते.

तुमच्या घरात परदेशातून आलेलं कोणी म्हातारं माणूस असेल तर हे पाच प्रश्न आजच विचारून ठेवा: जन्मगाव, लग्नाचं गाव, आल्याचं साल, वडिलांचा धंदा, आईचं माहेर. घाईत ते कोणालाच आठवत नाहीत.

माझी स्वतःची आजी वेंगुर्ल्याची. तिची जन्मतारीख घरात कोणालाच ठाऊक नव्हती, "मानमोडीच्या साथीच्या आगेमागे" एवढंच, म्हणजे १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या. त्यामुळे मला त्या रिकाम्या रकान्यांचं फारसं काही वाटलं नाही. वाटलं ते नवऱ्याला. सत्तर वर्षं या देशात काढलेल्या आईबद्दल सरकारी कागदावर 'अज्ञात' लिहिलेलं त्याला बघवेना.

अंत्यसंस्काराला साधारण साडेआठ हजार डॉलर लागले, दाखल्याची प्रत मागवायला पन्नास-साठ. समारंभात दीर बोलले. त्यांनी विमानांची गोष्ट सांगितली, जी आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. १९४५ चा एप्रिल संपत आलेला, जर्मनांच्या ताब्यातल्या ॲमस्टरडॅममध्ये माणसं उपाशी मरतायत, आणि एके दिवशी दोस्त राष्ट्रांची बाँबफेकी विमानं छपरांना घासून जातील इतक्या खालून आली. त्यांच्या पोटातून बाँब नव्हते पडायचे, पिठाची आणि अंड्याच्या भुकटीची पोती पडणार होती. चौदा वर्षांच्या ओमा छपरावर चढून चादर हलवत होत्या. हे ऑपरेशन मॅना, २९ एप्रिलला सुरू झालं. त्यात ऑस्ट्रेलियन वायुदलाची ४६० वी स्क्वाड्रनही होती, त्यामुळे इथे ही गोष्ट फारच आवडते. माझ्या लेकीनेसुद्धा अँझॅक डेच्या, म्हणजे इथल्या सैनिकांच्या स्मृतिदिनाच्या, सुमारास शाळेत सांगितली होती.

नवऱ्याची मावसबहीण नेदरलँड्समध्ये आल्कमारला राहते. तिने समारंभ इंटरनेटवरून पाहिला. आठवड्याभराने तिची मेल आली, प्रेमळ, लांबलचक, आणि शेवटून दुसऱ्या परिच्छेदात एक वाक्य: विमानांची गोष्ट माझ्या आईची आहे, असं मला वाटतं.

नवऱ्याने ती मेल मला दाखवली, दिराला दाखवली नाही.

ओमा युद्धाबद्दल फारशा बोलायच्याच नाहीत. घरात दोघं नवराबायको मुलांशी इंग्रजीतच बोलत. त्या काळी आलेल्या बहुतेक डच कुटुंबांनी हेच केलं. लवकरात लवकर इथलं व्हायचं. त्याचा हिशेब शेवटी चुकता झाला. स्मृतिभ्रंशात त्यांचं इंग्रजी आधी गेलं. मागे उरली ती लहानपणची डच, आणि ती मुलांना जेमतेम कळायची. शुश्रूषागृहात त्या नाश्त्याचा टोस्ट कागदी रुमालात गुंडाळून उशीच्या अभ्र्यात ठेवत. तिथली एक मल्याळी नर्स रोज संध्याकाळी वाळलेला तुकडा काढायची आणि त्याच जागी ताजा ठेवायची. पूर्ण काढून घेतला तर रात्री झोपत नाहीत, असं तिने पहिल्याच आठवड्यात ओळखलं होतं.

मला त्यांनी भुकेबद्दल एकदाच सांगितलं होतं, खूप आधी, डोकं शाबूत असताना. मी डँडेनाँगच्या भारतीय दुकानातून काकवी आणली होती आणि घावनांबरोबर त्यांना वाढली. त्यांनी चमचा नाकाशी नेला आणि खाली ठेवला. म्हणाल्या, हा वास साखरबीटाचा आहे. मग सांगत गेल्या: बीट किसायचं, रात्रभर शिजवायचं, उशीच्या अभ्र्यातून पिळायचं, रस आटवून पाक करायचा, आणि उरलेला चोथासुद्धा थापून भाजायचा. गॅस आणि वीज ऑक्टोबर १९४४ मध्येच बंद झाली होती, म्हणून डब्याएवढ्या छोट्या शेगडीत लाकडाच्या ढलप्या जाळायच्या. ट्रामच्या रुळांमधले लाकडी ठोकळेही लोक रात्री उपटून न्यायचे. ट्यूलिपचे कांदे खाताना मधला पिवळा कोंब काढून टाकायचा, तो बाधतो. सिल्वनला दर वसंतात ट्यूलिपचा मोठा उत्सव भरतो. आम्ही दरवर्षी बोलवायचो आणि त्या दरवर्षी काहीतरी कारण काढायच्या.

दाखला टपालाने आला तेव्हा त्यावर दोन ठिकाणी 'अज्ञात' होतं. आम्ही ठरवलं, दुरुस्ती करायची.

पहिला टप्पा घरातलाच होता. कपाटं, बिस्किटांचे डबे, शिवणाचा पेटारा. सासऱ्यांचा सुतारकामाचा दाखला मिळाला, जहाजावरच्या जेवणाचं एक छापील मेन्यूकार्ड मिळालं, आणि निळ्या एरोग्रामचा, म्हणजे घडी घालून टाकायच्या हवाई टपालपत्रांचा, एक गठ्ठा. मेन्यूकार्डावर जहाजाचं नाव होतं: 'योहान फान ओल्डनबार्नेवेल्ट'. तारीख नव्हती. एरोग्राम डचमध्ये, बारीक तिरप्या अक्षरात. ते बाजूला ठेवले.

जहाजाचं नाव मिळालं की पुढचं काम सोपं होतं. कॅनबेराच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा शोध घरबसल्या करता येतो. फक्त डच नावांची गंमत लक्षात ठेवा. डच लोक 'फान', 'दे' वगैरे सोडून पुढच्या शब्दावरून अनुक्रम लावतात, ऑस्ट्रेलियन कारकून 'फान'पासूनच लावतो, कधी जोडून लिहितो. डचमधल्या 'आय-जे' या जोडीचा इथे सरळ 'वाय' होतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचं: ऑस्ट्रेलियन कागदांत बाई नवऱ्याच्या आडनावाने सापडते, डच कागदांत मरेपर्यंत माहेरच्याच. हे कळेपर्यंत आमच्या कित्येक संध्याकाळी गेल्या.

फाइल सापडली, पण 'अजून तपासलेली नाही' असा शेरा होता. म्हणजे आत कोणाची खाजगी माहिती आहे का हे अधिकारी आधी बघणार, मग खुली करणार. अर्जाला पैसे नाहीत, पण कायद्याने त्यांना कामकाजाचे ९० दिवस मिळतात, आणि ते घेतात. सप्टेंबरमध्ये केलेल्या अर्जाचं उत्तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलं. प्रती काढायचे पैसे पानांप्रमाणे वेगळे. ते द्या, मागेपुढे पाहू नका.

आत काय होतं? नेदरलँड्स सरकारशी १९५१ मध्ये झालेल्या करारानुसार मदत मिळालेल्या जोडप्याचा अर्ज. छातीच्या एक्स-रेचा दाखला. दातांची स्थिती. इंग्रजी कामचलाऊ. दोन वर्षं इथे राहिलो नाही तर प्रवासखर्च परत करू असा करार, खाली दोघांच्या सह्या. आणि ओमांचा फोटो, वय २३, केस मागे घट्ट बांधलेले, कॅमेऱ्याकडे पासपोर्टच्या फोटोत बघतात तसं बघणाऱ्या. लग्नाची तारीख ऑक्टोबर १९५४, जहाज सुटलं डिसेंबरात. नवऱ्याने पानावर बोट ठेवून लगेच दिराला फोन केला. तो जिंकला असं त्याचं म्हणणं होतं. पण जहाज सुएझमार्गे फ्रीमँटल करून मेलबर्नला लागेपर्यंत जानेवारी १९५५ उजाडला होता, म्हणजे दोघंही हरले.

ईस्टरच्या सुट्टीत आम्ही बोनेगिलाला गेलो. वोडोंगाजवळ, ह्यूम धरणाच्या काठी, मेलबर्नपासून गाडीने साडेतीन-चार तास. जुनी लष्करी छावणी; १९४७ ते १९७१ या काळात तीन लाखांहून जास्त स्थलांतरित इथे उतरले. पोर्ट मेलबर्नच्या धक्क्यावरून थेट आगगाडी यायची. आता फक्त 'ब्लॉक १९' उरलाय, पत्र्याच्या बराकी, संग्रहालय केलंय. इथे आलेल्या माणसागणिक एक कार्ड होतं, त्यांतली बरीच राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि इथले लोक ती शोधायला मदत करतात. आम्हाला मिळालेल्या कार्डावर आल्याची तारीख, बराकीचा क्रमांक आणि तिथून कामाला कुठे पाठवलं ते: लाट्रोब खोरं, बांधकाम. पाच आठवडे ते दोघं तिथे होते. जानेवारी-फेब्रुवारीत, आतून अस्तर नसलेल्या पत्र्याच्या बराकीत. मेंढीच्या मटणाबद्दल इथे आलेल्या प्रत्येक देशाच्या माणसाने तक्रार केलीय. ओमांनी मात्र कधी केली नव्हती. उलट त्या म्हणायच्या की बोनेगिलाला पोटभर मिळायचं, दुसऱ्यांदा मागितलं तरी मिळायचं.

नागरिकत्वाची तारीख सरकारी राजपत्रात सापडली. ही राजपत्रं ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात. नागरिकत्व मिळालेल्यांची नावं पत्त्यांसकट छापायचे. वर्तमानपत्रं मात्र तिथे बहुतेक १९५४ पर्यंतचीच आहेत, त्यामुळे जहाज आल्याची बातमी आम्हाला मिळाली नाही. हे नागरिकत्व घेतलं त्या दिवशी ओमांचं डच नागरिकत्व आपोआप गेलं. त्या काळच्या हजारो लोकांचं गेलं. पुष्कळांना ते पन्नास वर्षांनी पासपोर्ट काढायला गेल्यावर कळलं.

राहिलं आईचं माहेरचं आडनाव. ते नेदरलँड्समध्येच मिळणार होतं.

डच नोंदी शोधणं हा प्रकार माझ्यासारख्या माणसाला भलताच हेवा वाटावा असा आहे. जन्माची नोंद १०० वर्षांनी, लग्नाची ७५ वर्षांनी, मृत्यूची ५० वर्षांनी सगळ्यांना खुली होते. 'वी वास वी' या संकेतस्थळावर नाव टाकलं की देशभरच्या नोंदी समोर येतात, बऱ्याचदा मूळ पानाच्या छायाचित्रासह. ओमांचा जन्म १९३१ चा, म्हणजे त्यांची जन्मनोंद २०३२ पर्यंत बंद. ती हवी तर मुलाने नगरपालिकेकडे अर्ज करायचा. आम्ही मृत्युदाखला, नवऱ्याचा जन्मदाखला आणि पासपोर्ट जोडला, सोळा-सतरा युरो भरले. इथे एक सूचना: आंतरराष्ट्रीय उतारा मागा. त्यात रकान्यांची नावं अनेक भाषांत छापलेली असतात, भाषांतराचे पैसे वाचतात.

तो येईपर्यंत नवऱ्याला दम निघेना. त्याने आजोबांचं नाव टाकून मृत्यूच्या नोंदी शोधायला घेतल्या. मृत्यूच्या नोंदीत आईबापांची पूर्ण नावं असतात, म्हणून घरातल्या कोणाचीही जुनी नोंद मिळाली तरी आडनावाचं स्पेलिंग मिळेल असा त्याचा विचार. रात्री उशिरा मी भांडी लावत होते. त्याने मला हाक मारली नाही, पण बराच वेळ त्याच्या माउसचा आवाज आला नाही म्हणून मी बघायला गेले.

पडद्यावर एक नोंद होती. ॲमस्टरडॅम, मार्च १९४५. मुलगा, वय आठ महिने. बापाचं नाव आजोबांचं. आईचं नाव पणजीचं म्हणजे लेकीच्या पणजीचं, माहेरच्या आडनावासकट, स्वच्छ अक्षरात.

आमच्या माहितीप्रमाणे ती तीन भावंडं होती. मोठा भाऊ, ज्याला जर्मनीत कामाला नेलं होतं. मग ओमा. मग धाकटी बहीण, आल्कमारवालीची आई. हा चौथा कोणालाच ठाऊक नव्हता. नवऱ्याने नोंद छापून घेतली, आणि त्या मुलाच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्याचं स्वतःचं मधलं नाव तेच आहे. आजवर त्याला वाटायचं की कोणा आजोबा-पणजोबांचं असेल.

दुसऱ्या दिवशी आल्कमारला फोन लावला. ती म्हणाली, हो, होता ना. आमच्या जिन्यात त्याचा फोटो आहे. तुम्हाला सांगितलं नव्हतं का मावशीने?

त्या हिवाळ्याची माहिती मी तोवर वाचली होतीच. सप्टेंबर १९४४ मध्ये डच रेल्वे कामगारांनी दोस्त सैन्याला मदत म्हणून संप केला, जर्मनांनी बदला म्हणून पश्चिमेकडच्या शहरांत अन्न जाऊ देणं बंद केलं. पुढे पाण्यातून न्यायची परवानगी दिली तेव्हा कालवेच गोठले. रेशन फेब्रुवारीअखेर दिवसाला सहाशे कॅलरींच्याही खाली आलं. किमान वीस हजार माणसं मेली. ॲमस्टरडॅमच्या झाउडरकेर्क या चर्चमध्ये प्रेतं ठेवावी लागली, शवपेट्यांना लाकूडही नव्हतं आणि पुरायला माणसंही नव्हती. हे सगळं आज आठवड्याच्या कॅलरींसकट नोंदलेलं आहे. आठ महिन्यांच्या मुलाचंही पान आहे, त्यावर सही करणाऱ्या कारकुनाचंही नाव आहे. त्याच्या आधीच्याच साली, १९४३ मध्ये, बंगालमध्ये वीस ते तीस लाख माणसं भुकेने गेली. त्यांच्यातल्या कोणाच्या नातवाला अशी रात्री बसून आजोबांचं नाव टाकायची सोय नाही. हे मी नवऱ्याला तेव्हा बोलले नाही, ती वेळ नव्हती. पण वाटलं खरं.

मग एरोग्रामचा गठ्ठा उघडला. आल्कमारवाली दर रविवारी सकाळी, म्हणजे आमच्या संध्याकाळी, व्हिडिओ कॉलवर बसायची. मी एकेक पत्र कॅमेऱ्यासमोर धरायचे, ती आधी डचमध्ये वाचायची, मग इंग्रजीत सांगायची. (पत्र कॅमेऱ्यासमोर धरू नका, हात दुखतो. आधी नीट स्कॅन करून पाठवा. आम्हाला हे सुचायला उशीर झाला.) बहुतेक पत्रं बहिणीची होती, हवापाण्याची, किमतींची, कोणाला मूल झालं त्याची. एका पत्रात, साठच्या दशकातल्या, विमानं होती. दूरचित्रवाणीवर काही कार्यक्रम झाला होता, त्यावरून बहिणीने लिहिलं होतं: मी छपरावर होते, आई खालून ओरडत होती, तू असतीस तर किती मजा आली असती.

तू असतीस तर.

गठ्ठ्याच्या तळाशी एक साधं पत्र होतं, एरोग्राम नव्हे, दोन्ही बाजूंनी पेन्सिलीने लिहिलेलं. जून १९४५, फ्रीसलंड प्रांतातलं एक खेडं. एका शेतकऱ्याच्या बायकोने ओमांच्या आईला लिहिलेलं. तुमची मुलगी फेब्रुवारीत आमच्याकडे आली तेव्हा २९ किलो होती, आता ४१ आहे. धारा काढायला शिकली. रात्री अजून भाकरी लपवते, आम्ही रागावत नाही. बाळासाठी तिने लोकरीचे मोजे विणलेत, पण तो आता केवढा झाला असेल याचा तिला अंदाज येत नाही. पायाचं माप कळवाल का?

आल्कमारवाली इथे थांबली, म्हणाली चहा करून येते. नवरा उठून मागच्या अंगणात गेला. एप्रिलच्या मध्यात फ्रीसलंड मुक्त झालं, पण ॲमस्टरडॅम ५ मेपर्यंत जर्मनांच्याच ताब्यात होतं. मधल्या काळात पत्र जाणं-येणं शक्यच नव्हतं.

त्या हिवाळ्यात चर्चच्या एकत्रित संघटनेने शहरांतली हजारो मुलं उत्तरेकडच्या शेतांवर पाठवली होती. वजन करून, सर्वांत वाळलेली आधी. बरीच मुलं मालवाहू बोटींतून आइसलमेअर हे मोठं सरोवर ओलांडून गेली, रात्रीची, कारण दिवसा विमानं गोळ्या झाडायची. मी फ्रीसलंडमधल्या लेवार्डनच्या 'ट्रेसोआर' या प्रांतिक अभिलेखागाराला इंग्रजीत मेल केली. गावाचं नाव, साल, मुलीचं माहेरचं नाव, एवढंच. तीन आठवड्यांनी उत्तर आलं: त्या गावच्या चर्चच्या कागदांत पाहुण्या मुलांची यादी आहे, तुमचं नाव आहे. सोबत त्या एका ओळीचा फोटो. नाव, वय १३, शेताचं नाव, आल्याची तारीख फेब्रुवारीतली, परत गेल्याची ऑगस्टमधली. पैसे घेतले नाहीत. असं काही मागवायचं असेल तर एकदम सगळं विचारू नका. एक नाव, एक गाव, एक साल. उत्तर लवकर येतं.

मग दिराला सांगायची वेळ आली. ते जेवायला आले होते. नवऱ्याने सगळे कागद तारखांप्रमाणे लावून एका फोल्डरमध्ये घातले होते, तो पुढे सरकवला आणि बटाटे वाढायला लागला. दिरांनी सगळं वाचलं. मोज्यांच्या पत्राचं भाषांतर दोनदा वाचलं. मग म्हणाले, विमानं मात्र मी काढणार नाही. आईने सांगितलीयत.

यावर त्या दोघांचं चांगलं वाजलं. माझं मत विचाराल तर मला दिरांचं पटलं, निम्मं. ओमा खोटं बोलल्या असं मला वाटत नाही. इथल्या मुलांनी विचारलं, युद्धात तू काय पाहिलंस, तर त्यांनी काय सांगायचं होतं? बहिणीने पत्रातून ती विमानं त्यांना दिली होती, त्यांनी ती वापरली. पण कुटुंबासाठी लिहिलेल्या टिपणात काय घालायचं हा प्रश्न होताच. शेवटी असं ठरलं: विमानं राहतील, पण बहिणीच्या नावाने, तिच्या पत्रातल्या शब्दांत, आणि ओमांच्या नावाने शेत, धारा आणि यादीतली ती ओळ. मोज्यांचं पत्र तसंच्या तसं, काही न जोडता. टिपण चार पानांचं झालं. लेकीने ते वाचून पहिला प्रश्न विचारला की मग माझ्या शाळेतल्या बाईंना सांगायचं का. मी म्हटलं, नको.

दाखल्याची दुरुस्ती त्या मानाने किरकोळ निघाली. नोंदणी खात्याचा अर्ज, त्याला डच उतारा, राष्ट्रीय अभिलेखागाराच्या प्रती आणि बाळाच्या मृत्युनोंदीची प्रत जोडली. एकदा परत आला, कारण साक्षांकन चुकीच्या पानावर होतं. प्रत्येक प्रतीवर वेगळं साक्षांकन लागतं, फक्त पहिल्या पानावर चालत नाही. औषधांच्या दुकानातला फार्मासिस्ट किंवा पोलीस ठाण्यातला अधिकारी हे इथे फुकट करून देतात. नवा दाखला २०२५ च्या सुरुवातीला हातात आला. वडील: गोदी कामगार. आल्याचं साल: १९५५.

आता राहिलाय तो मोठा भाऊ. जर्मनीत नेलेल्या वेठकामगारांच्या नोंदी बाड आरोल्सनच्या 'आरोल्सन अर्काइव्हज'मध्ये आहेत. बरंचसं त्यांच्या संकेतस्थळावरच बघता येतं. न मिळाल्यास फुकट चौकशी अर्ज करता येतो, नातं कितीही दूरचं असलं तरी. या वेळी फॉर्म दिरांनी भरला. उत्तराला काही महिने लागतील असं कळवलंय, तोवर ते डच शिकायच्या वर्गाला जाताहेत, मंगळवारी संध्याकाळी, आणि आल्कमारवालीला रोज एक चुकीचं वाक्य पाठवताहेत.